घोड्याचे रक्त आणि बशीतल्या पेशी

साप चावलेल्या माणसाला सरकारी दवाखान्यात जे औषध शिरेतून देतात त्याला आपल्याकडे सर्रास ‘सापाची लस’ म्हणतात. ती लस नव्हे. हा घोटाळा नुसत्या शब्दाचा असता तर आम्ही त्यात आपला वेळ घेतला नसता. परंतु आजचा आमचा विषय नेमका या घोटाळ्यातच दडलेला आहे. लस शरीराला शिकविते. रोगजंतूची ओळख ती आधी करून देते, मग शरीर आपले आपण त्यावरचा उतारा तयार करते, आणि या शिक्षणाला आठवडा, दोन आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. घोणशीचे विष इतके थांबत नाही. काही तासांत ते रक्ताची गोठण्याची शक्तीच बिघडवून टाकते. म्हणून सर्पदंशात शरीराला शिकवीत बसण्याची सोय नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी शरीरात आधीच तयार झालेला माल आणून रोग्याच्या शिरेत सोडावा लागतो. हा दुसरा कोणी म्हणजे घोडा, आणि त्या औषधाचे खरे नाव प्रतिविष.

या मालात काम करणारा जो पदार्थ असतो त्याला प्रतिपिंड म्हणतात. प्रतिपिंड हे एक प्रथिन आहे. इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा त्याचा आकार. वरच्या दोन फाट्यांची टोके विषाच्या एखाद्या कणाला कुलपात किल्ली बसावी तशी बसतात आणि त्याला निकामी करतात. आता कोणालाही सुचेल असा प्रश्न असा की, प्रतिपिंडे घडविणाऱ्या पेशी माणसाच्या रक्तातही आहेत, मग माणसाच्याच पेशी बाहेर काढाव्यात, काचेच्या बशीत ठेवाव्यात आणि हा माल त्यांच्याकडून करवून घ्यावा, घोड्याला कशाला त्रास? प्रश्न साधा आहे, उत्तर साधे नाही. साठ वर्षांहून अधिक काळ जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्या मागे आहेत, आणि त्यातून जे हाती आले ते आमच्या मते सर्वसामान्य माणसाने समजून घ्यावे असे आहे. आपल्या जिल्ह्यात औंढ्याजवळ विश्वातून येणाऱ्या गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा व्हावयाची आहे. २०२३ साली केंद्र सरकारने तिला मंजुरी दिली. तिच्यावर व्याख्याने होतात, होवोतही. आम्ही बोलणार आहो ते रक्ताच्या एका थेंबाविषयी.

हिंगोलीच्या माणसाला हा विषय दूरचा वाटू नये. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे आपले पाचही तालुके शेतीवर जगणारे. सोयाबीन काढताना हात जमिनीलगत असतो, हळदीच्या दाट पाल्यात पायाखालचे दिसत नाही, रात्रीची वीज आली की पाणी द्यायला अंधारात जावे लागते. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुतेक खेड्यांतील. कारखान्यात यंत्रात हात सापडला तर आपण त्याला कामावरचा अपघात म्हणतो आणि भरपाई मागतो. रानात साप चावला तर त्याला दैव म्हणतो. जाता जाता सांगून ठेवतो की, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने मृत्यू आल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात, परंतु ती योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराची आणि त्याच्या घरातील एका माणसाची. दुसऱ्याच्या रानात रोजाने राबणाऱ्या भूमिहीनाचे नाव त्या कागदावर कोठून असणार? असो. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम घोड्याची हकिकत. १८९० साली बर्लिनमध्ये बेहरिंग आणि त्याचा जपानी सहकारी कितासातो यांनी दाखवून दिले की, धनुर्वाताचे विष थोडे थोडे टोचून सरावलेल्या जनावराच्या रक्तातील पाणी दुसऱ्या जनावराला दिले तर तेही त्या विषापासून वाचते. वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली बेहरिंगला मिळाले ते याच मार्गाच्या कामासाठी. १८९४ च्या सुमारास फ्रान्समध्ये काल्मेटने हीच युक्ती नागाच्या विषावर चालविली. आपल्याकडे या विद्येचे माहेरघर परळ. प्लेगच्या साथीत हाफकिन मुंबईस आले, १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि त्यांनी सुरू केलेल्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव मिळाले. पुढे त्याच संस्थेत घोड्यांपासून प्रतिविष तयार होऊ लागले; १९७५ साली उत्पादनासाठी वेगळे महामंडळ झाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचा जन्मही, १९६६ साली, घोड्यांच्या पागेतूनच झाला. पूनावाला घराण्याचा धंदा शर्यतीच्या घोड्यांचा. म्हातारे घोडे ते हाफकिनला देत असत. ज्या घोड्याच्या रक्तापासून दुसरे औषध करतात ते आपणच का करू नये, असा विचार त्यातून निघाला.

घोड्याकडून काम घेण्याची रीत अशी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अगदी अल्प मात्रेत घोड्याला टोचतात आणि काही महिने मात्रा हळूहळू वाढवीत नेतात. घोडा आजारी पडत नाही, सरावतो. मग त्याचे रक्त काढतात, तांबड्या पेशी त्याला परत करतात आणि वरच्या द्रवातून प्रतिपिंडे वेगळी करतात. त्यांची खालची दांडी पेप्सिन नावाच्या पाचक रसाने तोडून टाकतात, कारण माणसाच्या शरीराला त्या दांडीचाच जास्त उपद्रव होतो. उरलेले गोठवून वाळवतात आणि भुकटीच्या रूपाने कुपीत भरतात. एका कुपीचे १० मिलिलीटर औषध होते. त्याच्या प्रत्येक मिलिलीटरने नागाचे ०.६ मिलिग्रॅम, घोणशीचे ०.६, मण्यारीचे ०.४५ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष मारले पाहिजे, असा आपल्या देशातील दंडक आहे. विष भिनल्याची लक्षणे दिसताच साधारणपणे १० कुप्यांनी सुरुवात करतात, आणि लहान मुलालाही तितक्याच देतात. याचे अनेकांना नवल वाटते. परंतु औषध रोग्याच्या वजनावर नसते, आत गेलेल्या विषावर असते. आणि साप मूल पाहून कमी विष सोडीत नाही.

या औषधाने लाखो जीव वाचविले आहेत. आज कोणाला साप चावला तर दोरी करकचून बांधू नये, चिरा देऊ नये, मांत्रिकाच्या दारी वेळ दवडू नये, तडक रुग्णालय गाठावे आणि हेच औषध घ्यावे. तरीही त्यातील उणिवा झाकण्यात अर्थ नाही. घोड्याच्या अंगात आयुष्यभरात जमलेली हजार प्रकारची प्रतिपिंडे त्या कुपीत येतात. विषावर चालणारा भाग त्यांत थोडाच. बाकीचे सारे परके प्रथिन. ते शिरेत जाताच काहींना अंगावर पित्त उठते, दम लागतो, रक्तदाब एकदम खाली येतो. डॉक्टर म्हणूनच ॲड्रेनलिनची सुई जवळ ठेवतात. काहींना आठवडा-दीड आठवड्याने ताप येतो, सांधे धरतात. दुसरी उणीव विषाच्या मुळाची. देशातील प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुळा गारुड्यांच्या सहकारी संस्थेकडून येते. १९७८ साली स्थापन झालेली ही संस्था म्हणजे सापाच्या कातड्याचा धंदा बंद पडल्यावर उपाशी राहिलेल्या लोकांनी आपल्या विद्येवर उभा केलेला उद्योग आहे, आणि आम्हांला तिचे कौतुक आहे. परंतु एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रदेशात निराळे असते, हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाखवून दिले आहे. दक्षिणेतील घोणशीवर सरावलेल्या घोड्याचे औषध दुसऱ्या मुलखातील घोणशीला तितकेच लागू पडेल, याची हमी नाही.

आता पेशीकडे वळू. प्रतिपिंडे शरीरात नेमकी कोण घडविते, हे बराच काळ कोणाला माहीत नव्हते. १९४८ साली स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड फाग्रेयस या बाईंनी दाखविले की, हे काम प्लाझ्मा पेशींचे. त्या पेशी येतात कोठून, याचा पहिला धागा हाती आला तो कोंबडीत. अमेरिकेत ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी कोंबडीच्या गुदद्वाराजवळ असणाऱ्या ‘बर्सा’ नावाच्या पिशवीचा अभ्यास करीत होता. ती पिशवी काढलेल्या कोंबड्या त्याच्या एका मित्राने वर्गात प्रयोग दाखविण्यासाठी नेल्या, तर त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयारच होईनात! मौज अशी की, हा शोध मोठ्या नियतकालिकाने परत केला आणि तो १९५६ साली कुक्कुटपालनाच्या मासिकात छापला गेला. त्या बर्साच्या आद्याक्षरावरून आज या पेशींना ‘बी’ पेशी म्हणतात. माणसाला बर्सा नसतो. त्याच्या बी पेशी हाडांच्या मगजात जन्मतात.

बी पेशीचा स्वभाव विलक्षण आहे. प्रत्येक पेशीला एकच काम येते. नोसल आणि लेडरबर्ग यांनी १९५८ साली एकेक पेशी सुट्या थेंबात ठेवून तपासली आणि एक पेशी एकाच जातीचे प्रतिपिंड देते असे दाखविले. शरीरात अशा कोट्यवधी तऱ्हांच्या बी पेशी हिंडत असतात. बहुतेकींच्या वाट्याला त्यांचे काम जन्मात येत नाही. एखादीच्या अंगावरील आकड्यात बरोबर तिच्या मापाचा परका कण येऊन अडकतो. मग ती वाढते, एकीच्या दोन, दोनांच्या चार होतात, आणि त्यांतील काही प्लाझ्मा पेशी होतात. अशी एक पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडे बाहेर टाकते. आम्ही कारखान्यात आयुष्य काढले आहे, पण असा कामाचा वेग कोठल्या खात्यात पाहिला नाही. दुसऱ्या काही पेशी स्मृतिपेशी होतात. त्या काम न करता वर्षानुवर्षे आठवण धरून बसतात.

या पेशी बाहेर काढणे फारसे अवघड नाही. हातातून काढलेले रक्त गोठू न देता एका दाट साखरेसारख्या द्रवावर अलगद सोडतात आणि नळी यंत्रात गरगर फिरवितात. तांबड्या पेशी तळाला बसतात, मध्ये पांढऱ्या पेशींचा सायीसारखा पातळ थर उरतो. एक मिलिलीटर रक्तात लसिकापेशी साधारणपणे १० ते ३० लाख निघतात आणि त्यांत दहांमागे एखादी बी पेशी असते. तिला लोहचुंबकाचे सूक्ष्म मणी चिकटवून ओढून घेतात. मग तिला गुलाबी रंगाच्या पोषक पाण्यात ठेवतात. त्यात साखर, क्षार, जीवनसत्त्वे आणि बहुधा गाईच्या गर्भातील वासराच्या रक्ताचे पाणी घातलेले असते; म्हणजे बशीत आले तरी जनावर सुटले असे नाही. पेटीत ३७ अंश उष्णता, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पाणी आंबट होऊ लागले की गुलाबीचे पिवळे होते आणि पेशींना नवे पाणी द्यावे लागते. पेशी सांभाळण्याचे हे शास्त्र आपल्या राज्यात पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात मोठ्या प्रमाणावर चालते. देशातील प्रयोगशाळांना पेशींचे वाण तेथून पुरविले जाते.

इतकी बडदास्त ठेवूनही बी पेशी बशीत काही करीत नाही. नुसती पडून राहते आणि काही दिवसांत मरते. तिला चेतवावे लागते. खरी विद्या येथून सुरू होते.

पहिली चेतावणी सापडली ती राजम्यात. राजम्याच्या दाण्यातून काढलेला एक पदार्थ तांबड्या पेशी गोळा करून बाजूला काढण्यासाठी वापरीत असत. १९६० साली अमेरिकेत पीटर नोवेलच्या ध्यानात आले की, त्या पदार्थाने निवांत पडलेल्या पांढऱ्या पेशी एकाएकी फुगतात आणि विभागू लागतात. तोवर समजूत अशी की, रक्तातील लसिकापेशी ही आयुष्य संपत आलेली पेशी. राजम्याने जागे केले ते मुख्यतः ‘टी’ जातीच्या लसिकापेशींना. पुढे पोकवीड नावाच्या एका अमेरिकन रानझाडाच्या रसाने बी पेशीही टी पेशींच्या सोबतीत जाग्या होऊन प्रतिपिंडे देतात असे दिसले, आणि १९७० नंतर कित्येक वर्षे ‘मानवी पेशी चेतविणे’ म्हणजे पोकवीड असे समीकरणच होते. परंतु या रसाने सगळ्याच पेशी उठतात. सारी चाळ एकदम जागी केली तर त्यात आपल्याला हवा तो माणूस कोणता, हे कसे कळावे?

दरम्यान मिशेल आणि डटन यांनी १९६७ साली उंदराच्या प्लीहेतील पेशी बशीत ठेवून त्यांच्याकडून मेंढीच्या तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे करवून घेतली. याच सुमारास कळून चुकले की, बी पेशीला परक्याची ओळख पटणे पुरेसे नाही. शेजारी टी पेशी लागते. ती बी पेशीपाशी येते, तोच परका कण आपणही ओळखते, आणि मग आपल्या अंगावरचा एक हात बी पेशीच्या अंगावरील ‘सीडी चाळीस’ नावाच्या कडीत अडकविते. सोबत काही रस सोडते. ओळख, हात आणि रस हे सारे जुळले तरच कामाला सुरुवात. हा हात जन्मतः नसलेली मुले असतात; १९९३ साली त्यांच्यातील दोष नेमका सापडला. त्यांच्या रक्तात पहिल्या टप्प्याची ओबडधोबड प्रतिपिंडे भरपूर, पण पुढची नेमकी, टिकाऊ प्रतिपिंडे जवळजवळ नसतात, आणि ती वारंवार जंतुसंसर्गाने आजारी पडतात. ही अडवणूक निसर्गाने उगीच ठेवलेली नाही. एकट्या बी पेशीच्या सांगण्यावरून माल सुटू लागला तर चुकून आपल्याच सांध्यांविरुद्ध, आपल्याच मूत्रपिंडांविरुद्ध प्रतिपिंडे निघतील. आणि हा पहारा ढिला पडल्यावर तसे होणारे रोग आहेतच. फाटकावर एकाने ‘चोर’ म्हणून ओरडा केला की कोणी लगेच काठी उगारीत नाही. दुसरा पाहून खात्री करतो. तोच हा न्याय.

तेव्हा बशीत टी पेशीची उणीव भरून काढावी लागते. १९९१ साली फ्रान्समध्ये बँशेरो आणि त्याच्या सोबत्यांनी, जिच्याजवळ बसल्यावर सीडी चाळीसची कडी ओढली जाईल अशी उंदराची पेशी तयार केली, तिच्या थरावर मानवी बी पेशी ठेवल्या, वर इंटरल्यूकिन चार हा रस घातला, आणि त्या पेशी आठवडेच्या आठवडे वाढत राहिल्या. नंतर इंटरल्यूकिन एकवीस सापडले. त्याच्या योगाने बी पेशी वाढण्याचे सोडून प्लाझ्मा पेशी होण्याकडे वळते. स्मृतिपेशींना जंतूच्या डीएनएसारखे दिसणारे लहान तुकडे दाखविले तरी त्या चाळवतात. आज या साधनांची निरनिराळी मिश्रणे करून आठवडा-दीड आठवड्यात बशीतल्या पाण्यात प्रतिपिंडे मिळतात. ती आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी ९६ खळग्यांची प्लास्टिकची तबकडी असते. खळग्याच्या तळाला तपासावयाचे विष किंवा विषाणूचा तुकडा चिकटविलेला असतो. बशीतले पाणी त्यात घालून, धुऊन, रंगाचे द्रव्य घातले की ज्या खळग्यात प्रतिपिंड चिकटले असेल तो पिवळा होतो. शेकडो खळगे कोरे आणि एखादाच पिवळा, असा बहुधा निकाल असतो.

त्या एका पिवळ्या खळग्यातील पेशीही मरणारच असते. तिला अमर कसे करावे? १९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिल्स्टाइन यांनी उंदराची प्रतिपिंडे घडविणारी पेशी आणि उंदराचीच कर्करोगाची पेशी एकजीव केल्या. जोडपेशीने एकीचा हुन्नर घेतला, दुसरीचे न संपणारे आयुष्य घेतले. या शोधाला १९८४ साली नोबेल मिळाले. पेटंट मात्र घेतले गेले नाही, आणि त्यावर उभ्या राहिलेल्या धंद्याची आजची उलाढाल पाहता ही गोष्ट वारंवार सांगण्यासारखी आहे. मानवी पेशींत ही जोडणी नीट जमेना. तेथे एक विषाणू कामास आला. १९६४ साली सापडलेला एप्स्टाइन-बार विषाणू आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात मुकाट पडून असतो. तो बी पेशीत शिरला की ती बशीत अखंड वाढू लागते. १९७७ साली त्याचा उपयोग करून मानवी प्रतिपिंडे मिळाली, पण पेशी फार थोड्या हाती लागत. २००४ साली स्वित्झर्लंडमध्ये लान्झावेकिया यांच्या प्रयोगशाळेने हा विषाणू आणि वर सांगितलेले डीएनएचे तुकडे एकदम वापरले, तेव्हा हा मार्ग रुळला.

त्याचे फळ फार पुढे दिसले. २००३ साली सार्सच्या साथीतून वाचलेल्या एका माणसाचे रक्त २०१३ साली काढलेले होते. दहा वर्षांनंतरही त्याच्या स्मृतिपेशींना तो विषाणू आठवत होता. त्या पेशी अमर करून त्यांतून मिळालेले एक प्रतिपिंड २०२० साली आलेल्या कोविडच्या विषाणूलाही चिकटले. थोडा बदल करून त्यापासून ‘सोट्रोव्हिमॅब’ हे औषध झाले. मे २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला तातडीची परवानगी मिळाली. विषाणू बदलत गेला आणि एप्रिल २०२२ मध्ये ती परवानगी मागे घ्यावी लागली. एका प्रतिपिंडावर सारा भरवसा ठेवला की हे होते.

औषध मोठ्या प्रमाणावर करताना मूळच्या माणसाची पेशी वापरीत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. तिच्यातील त्या प्रतिपिंडाचा नकाशा, म्हणजे जनुक, वाचून घेतात आणि तो चिनी हॅम्स्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशीत घालतात. १९५७ पासून प्रयोगशाळांत वाढत आलेली ही पेशी मोठमोठ्या टाक्यांत न कुरकुरता वाढते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील मानवी प्रतिपिंड, ज्याला २०१६ साली भारतात परवानगी मिळाली, ते असेच तयार होते. त्याचा मूळ नकाशा मात्र, मानवी प्रतिपिंडांची जनुके अंगी घातलेल्या उंदरांपासून मिळविलेला होता. आपल्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे की, कुत्र्याच्या खोल जखमेत भरण्यासाठी घोड्याचे रक्तजल किंवा दात्यांच्या रक्तापासूनचे महागडे औषध, याखेरीज तिसरी वाट निघाली.

जे कुत्र्याला जमले ते सापाला का जमले नाही? कारणे अनेक आहेत. पिसाळीचा विषाणू एक, त्याच्या अंगावरील पकडण्याची जागा ठरलेली. सापाचे विष म्हणजे डझनावारी विषांचे कालवण. एक प्रतिपिंड एकच विष धरणार, म्हणून कित्येक प्रतिपिंडांचे मिश्रण लागणार. नाग-मण्यारीच्या विषातील जे कण श्वासाचे स्नायू लुळे पाडतात ते इतके लहान असतात की शरीराची नजर त्यांवर नीट बसतच नाही. घोडाही त्यांवर फार माल देत नाही. शिवाय स्मृतिपेशी काढावयाच्या तर त्या विषाला सरावलेला माणूस हवा, आणि औषधासाठी निरोगी माणसाला नागाचे विष टोचणे कोणत्याही सुसंस्कृत देशात चालणार नाही. आणखी एक कारण आम्ही मुद्दाम बोलून दाखवितो: ज्याला साप चावतो त्याच्या खिशात पैसे नसतात. कर्करोगावरील प्रतिपिंडांना गिऱ्हाईक आहे, म्हणून त्यांवर भांडवल लागते.

तरी काम थांबलेले नाही. अमेरिकेतील एका गृहस्थाने, डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून, सुमारे अठरा वर्षे निरनिराळ्या सापांचे विष स्वतःला शेकडो वेळा टोचून घेतले. कोणी अनुकरण करावे असे हे कृत्य नव्हे. परंतु त्याच्या रक्तातील स्मृतिपेशींपासून मिळालेली दोन प्रतिपिंडे आणि एक रासायनिक औषध यांच्या मिश्रणाने नागकुळातील १९ जातींच्या विषांपासून उंदरांना पूर्ण वा अंशतः वाचविले, असे २०२५ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी २०२४ साली बेंगळुरूच्या संस्थेतील संशोधकांनी अमेरिकन आणि ब्रिटिश सोबत्यांसह दुसऱ्याच वाटेने, कोणाही माणसाला वा घोड्याला विष न टोचता, यीस्टच्या पेशींवर मांडलेल्या असंख्य कृत्रिम मानवी प्रतिपिंडांतून एक निवडले. नाग आणि मण्यार यांच्या घराण्यातील अशा लहान कणांवर ते चालते.

तिसरी वाट आम्हांला सर्वांत आशेची वाटते, कारण ती पुन्हा बशीकडे येते. सुटी बी पेशी बशीत माल देते, पण तो माल सुधारण्याचे, अधिकाधिक घट्ट पकड घेणाऱ्या पेशी निवडीत जाण्याचे काम शरीरात लसिकाग्रंथींमध्ये होते. ती निवड बशीत होत नसे. २०२१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेत काढून टाकलेले, एरवी फेकून द्यावयाचे टॉन्सिल घेतले, त्यांच्या पेशी सुट्या करून दाटीने एकत्र ठेवल्या, तर त्या पेशी आपण होऊन पुन्हा ग्रंथीसारख्या जमल्या. त्यांवर फ्ल्यूची लस घातली. त्यांनी फ्ल्यूविरुद्ध प्रतिपिंडे दिली आणि ती सुधारतही नेली. ज्या विषाणूला टॉन्सिलच्या मालकाने पूर्वी कधी पाहिले नव्हते त्याविरुद्धही काही नमुन्यांनी प्रतिपिंडे दिली. म्हणजे ‘आधी सरावलेला माणूस आणा’ ही अट निदान तत्त्वतः सुटते. विष माणसाला नव्हे, बशीला द्यावयाचे.

परंतु वर सांगितलेली १९ विषे आणि बेंगळुरूचे प्रतिपिंड ही दोन्ही नाग-मण्यारीच्या कुळाची आहेत. घोणस आणि फुरसे यांचे कूळ निराळे. त्यांचे विष रक्त आणि मूत्रपिंडे बिघडविते, त्यातील मारक प्रथिने मोठी आणि वेगळ्या घडणीची, त्यांना ही प्रतिपिंडे ओळखत नाहीत. देशात सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंत घोणशीचा वाटा फार मोठा आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला, तो घोड्याच्याच प्रतिविषावर, ते वेळेवर आणि जवळच्या दवाखान्यात मिळण्यावर आधारलेला आहे. मानवी प्रतिपिंडांचे सर्पदंशावरील औषध अद्याप कोठल्याही देशात बाजारात आलेले नाही.